पन्नास पावलांच्या आतलं पोट

आमच्या नांदखारमध्ये एकाने घेतलेली दारू दुसऱ्याला चढते, आणि ही गोष्ट गावात सगळ्यात आधी मी ओळखली. सगळ्यात आधी म्हणजे, बायकोने ओळखून मला सांगितल्यानंतर लगेच.

प्रकार साधा आहे. उपाशी पोटी घेतली तर ज्याची त्याला चढते, आणि तीही झटकन. पण पोटभर जेवून घेतली तर ती पन्नास पावलांच्या आत जे सगळ्यात जवळचं उपाशी पोट असेल तिकडे निघून जाते. आरोग्य केंद्राच्या सबनीस डॉक्टरीणबाईंनी ग्रामसभेत हे फळ्यावर काढून दाखवलं होतं. दारू जठरातून थोडीशीच रक्तात जाते, खरी जाते ती पुढच्या लहान आतड्यातून. दोघांच्या मधे एक दार आहे. जठरात अन्न असलं की दार लवकर उघडत नाही. बाकीच्या गावांत दारू त्या दाराशी मुकाट्याने थांबते आणि सावकाश आत जाते. आमच्याकडची थांबत नाही. आणि एकदा रक्तात गेली की लिंबू, ताक, डोक्यावर पाणी, कशानेही लवकर उतरत नाही. यकृत आपल्या चालीने चालतं, त्याला घाई करता येत नाही. मी सातवी शिकलेला, त्यात चौथी दोनदा. तरी मला समजलं, म्हणजे बाईंनी फळा बराच मोठा वापरला असणार.

पहिली वर्षं मी मजा केली, खोटं कशाला सांगू. सरपंचांना उपाशी पोटी भाषण करायची सवय. एका सव्वीस जानेवारीला मी सकाळीच पोटभर पोहे खाल्ले, वर अर्धी बाटली घेतली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसलो. सरपंच पोलीस पाटलांच्या गळ्यात पडून रडले. शाळा सुधारली पाहिजे असंही म्हणाले, जे ते शुद्धीत कधी म्हणाले नव्हते. त्यानंतर पंचायतीने नियम केले आणि फलकावर लावले. घेणाऱ्याने आधी चारी दिशांना पन्नास पावलं बघावं, उपाशी कोणी नाही याची खात्री करावी. एकदा दारूने एखाद्या पोटाची वाट धरली की मग कितीही लांब पळालात तरी ती माघारी येत नाही. मात्र वाटेत दुसरं उपाशी पोट आडवं आलं तर तिथेच थांबते. पन्नास पावलं ग्रामसेवकाने स्वतः फीत धरून मोजली. खाली सरपंचांची सही आणि शिक्का, आणि ‘विशेषतः हरबा यांनी वाचावे’ अशी ओळ.

माझी बायको नर्मदा तर मी बाटलीला हात लावला की न बोलता स्वतःच्या तोंडात काहीतरी टाकते. गुळाचा खडा, शेंगदाणे, काही नाही तर कालची भाकरी. पण संकष्टीला तिला ते करता येत नाही. साबुदाण्याचे लाड तिच्या उपासात नसतात, चंद्र दिसेपर्यंत नुसतं पाणी. म्हणून त्या दिवशी घराच्या आसपास घ्यायची नाही, अशी आमच्याकडे पद्धत आहे.

त्या संकष्टीला सकाळी मी चार तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं खाल्लं, बाटली आणि ग्लास पिशवीत टाकला आणि मागच्या ताडाखाली जाऊन बसलो. घरापासून बासष्ट पावलं. पूर्वेला कोणी नाही. पश्चिमेला खाडी. दक्षिणेला एक म्हैस, ती चरत होती, म्हणजे उपाशी नव्हती. उत्तरेला पुन्हा पाहिलं, कारण नियम म्हणजे नियम. मग भरून दोन ग्लास घेतले. पहिल्या धारेची होती.

पाव तास गेला असेल. वरून हसण्याचा आवाज आला.

माझा जावई वामन ताडी काढतो. दिवसात दहा-बारा शब्द बोलतो, त्यातले चार माझ्या लेकीशी, कुंदाशी. हसताना त्याला मी लग्नातही पाहिलं नव्हतं. मान वर केली. साठ फुटांवर झावळ्यांमधे त्याचे दोन तळवे दिसले.

ग्रामसेवकाने फीत आडवी धरली होती. वर कोणी मोजलंच नव्हतं.

मडकं सुटलं आणि माझ्या बाजूला फुटलं. मग हसणं थांबलं. ते थांबल्यावर मला जास्त भीती वाटली.

“मामा,” वामन वरून म्हणाला. “तुम्ही जेवलात का?”

“जेवलो.”

“किती?”

“चार भाकऱ्या.”

झावळ्या वाजत होत्या.

“आणि घेतली किती?”

मी दोन बोटं वर केली. मग वाटलं, दोन बोटं त्याला आता चार दिसत असतील, म्हणून तोंडाने सांगितलं.

“मग अजून यायची आहे,” वामन म्हणाला. आवाज शांत होता, पण एक पाय खोडावरून सरकला आणि पुन्हा टेकला. तेवढ्यात कोयता आला आणि माझ्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर रुतला.

मी घशात बोटं घातली. काही आलं नाही, माझं पोट पहिल्यापासून चिक्कू. मग सुचलं की त्याचंच पोट भरावं. ओरडून सांगितलं, दोर सोड, भाकरी बांधून पाठवतो. तो म्हणाला, पहिलं मडकं खाली उतरवल्याशिवाय त्याच्या बापाने कधी तोंडात काही घातलं नाही आणि तोही घालणार नाही. मी म्हटलं, मडकं तर खाली आलं की. तो म्हणाला, ते पडलं, उतरवलं नाही. चढलेल्या माणसाशीही मला वादात जिंकता आलं नाही.

कुंदाला सातवा महिना होता. तिने नुकतीच पेज घेतली होती. गावात त्या वेळी सगळे न्याहारी करून बसलेले. दुसरं उपाशी पोट एकच होतं आणि ते बासष्ट पावलांवर तांदूळ निवडत होतं. मी हाक मारली. माझ्या हाकेवर नर्मदा सहसा येत नाही, चाळीस वर्षांत मी तिला साप निघाला म्हणून फार वेळा बोलावलंय. पण या वेळी आवाजच तसा निघाला असावा.

ती आली. बाटली पाहिली, ग्लास पाहिला, वर पाहिलं. आयुष्यात तिने थेंब घेतला नव्हता. फक्त ते एकदा, जेव्हा माझी तिला चढली आणि हा प्रकार आम्हाला कळला, तेव्हा ती दुपारभर पाहुण्यांसमोर हसत होती आणि नंतर आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती. आता तिने मला खांद्याला धरून जमिनीवर आडवं पाडलं, माझ्या पोटाच्या आणि ताडाच्या मधे, दारूच्या वाटेतच, येऊन उभी राहिली आणि खोडाला हात टेकला.

“वामनराव,” तिने वर सांगितलं, “दोर कमरेला गुंडाळून खोडाला बांधून घ्या. डोळे मिटू नका. आता तुमच्याकडे नवीन येणार नाही.”

मग दारू तिच्यात यायला लागली. मी खालून बघत होतो. आधी तिच्या मानेवर लाली आली. मग तिने पदर कमरेला खोचला, दोनदा, कारण पहिल्यांदा तो हाती लागला नाही. मी वाट बघत होतो की ती हसेल. ती हसली नाही. जितकी चढत गेली तितकी गप्प झाली. वर वामन पुटपुटत झावळ्या मोजत होता, सतरावर चुकत होता आणि पुन्हा एकपासून सुरू करत होता. जेव्हा जेव्हा तो मोजायचा थांबे तेव्हा मी त्याच्या कमरेच्या दोराकडे बघे. मला स्वतःला काहीच चढलेली नव्हती. इतका शुद्धीत मी कधीच नव्हतो.

म्हैस चरून गेली. ऊन डोक्यावर आलं, कलू लागलं. दोन यकृतं आपापल्या चालीने चालली होती आणि मला कशालाच हात लावता येत नव्हता.

दीडच्या सुमाराला वामन एकदाही न चुकता तेवीसपर्यंत गेला. मग त्याने दोर सोडला, उरलेलं मडकं कमरेला बांधलं आणि बोटबोट सरकत खाली आला. मडकं जमिनीवर नीट ठेवलं. “उतरवलं,” म्हणाला, आणि घराकडे जेवायला गेला. सरळ रेषेत नाही, पण गेला.

नर्मदा खोडाला टेकून बसली. मी उठून बसलो. विचारलं, “उपास मोडला का गं?”

तिने बाटली उचलून उन्हात धरली. अजून निम्मी होती. तिने बूच घट्ट लावलं आणि बाटली पदराखाली घेतली.

“पुढच्या चतुर्थीला मी चार भाकऱ्या खाईन,” ती म्हणाली, “आणि ही घेऊन इथे बसेन. उपास तुम्ही धरायचा, आणि मडकं उतरवायला वर तुम्ही जायचं.”