आप्पांना हवा तो चिपसेट

आप्पा सुर्वे मदरबोर्डाचा वास घेतात. आपण बाजारात आंबा उचलून देठाशी नाक नेतो ना, अगदी तसा. रत्नागिरीतल्या कॉम्प्युटरवाल्यांना आता त्याची सवय झाली आहे, पण पहिल्यांदाच बघणारं गिऱ्हाईक जरा मागे सरकतं. वास घेऊन झाला की आप्पा बोर्ड काउंटरवर ठेवतात आणि निकाल देतात, "खारा वारा लागलाय याला. वर्षभरात हिरवा पडेल."

"आप्पा, सीलबंद खोक्यातनं आत्ता काढला!"

"आणि खोका कुठे होता? रत्नागिरीतच ना?"

दुकानदार बोर्ड पुन्हा खोक्यात घालतो.

आप्पा आमचे मांडवीतले शेजारी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले कारकून. माणूस निरुपद्रवी, पण 'टिकेल का?' हा प्रश्न त्यांच्या तोंडात कायम तयार. मी छत्री आणली, टिकेल का? गल्लीत डांबर पडलं, टिकेल का? माझ्या भाच्याच्या साखरपुड्यात पेढा तोंडात असतानाच त्यांनी तो विचारला. माझी बहीण अजून त्यांच्याशी बोलत नाही.

गेली दोनेक वर्षं त्यांचा हा प्रश्न एका चिपसेटपाशी अडला होता. घरातला जुना कॉम्प्युटर मरायला टेकला होता. बोर्ड बदलायला हवा हे आप्पांनाही कळत होतं. पण बोर्ड बदलायचा म्हणजे चिपसेट बदलायचा. मदरबोर्डावरच्या सगळ्या भागांचं एकमेकांशी जमवून देणारी मंडळी ती. ती फार नवी निघाली की जुनी सिस्टीम तिला ओळखत नाही, आणि आप्पांना सिस्टीम बदलायचीच नव्हती. जुनी डिस्क उचलून तशीच लावायची आणि ती मुकाट्याने चालली पाहिजे, असा हट्ट. वर मागच्या बाजूला प्रिंटरचं ते जुनं, रुंद पोर्टही पाहिजे. ते हल्ली बोर्डांवर येतच नाही.

डोळ्यांच्या ऑपरेशननंतर आप्पांनी स्कूटर सोडली, त्यामुळे गाडी माझी. लोक मुलीसाठी स्थळं बघत फिरतात तसे आम्ही बोर्ड बघत फिरलो.

"आजच्या काळातला घ्या, आप्पा," मारुती मंदिराजवळचा दुकानदार कळवळून म्हणाला. "असा पळेल बघा!"

"मला पळायचं नाय हो. बसायचंय."

चिपळूणला एकाकडे नेमका हवा तो चिपसेट मिळाला. पोर्टसुद्धा होतं. मी मनातल्या मनात नारळ फोडला. आप्पांनी बोर्ड नाकाशी धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"पूर बघितलान हो याने."

"काका, पुसून, वाळवून ठेवलाय. चालू आहे!"

"आज चालेल. वाशिष्ठी नदीचं पाणी पोटात गेल्यावर टिकेल का?"

परत येताना हातखंब्याला चहाला थांबलो तेव्हा माझा संयम सुटला. "आप्पा, सरळ नवा कॉम्प्युटर घ्या की! काय सोनं लागलंय त्या जुन्या सिस्टीमला?"

आप्पांनी कप खाली ठेवला. "सुनंदाला दुसरं येत नाय," म्हणाले.

मग मीही चहा तसाच ठेवला. कॉम्प्युटर सुनंदाकाकूंचा, आप्पांच्या बायकोचा. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं डीटीपीचं दुकान होतं. मांडवी ते कुवारबाव, कितीतरी घरांच्या लग्नपत्रिका काकूंच्या हातच्या, माझीसुद्धा. त्यांच्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरला एक लॉक आहे, अंगठ्याएवढी डबी. ती त्या रुंद पोर्टात खोचल्याशिवाय ते उघडत नाही. कुठली केबल मध्ये घालून नव्या पोर्टाला जोडली तर ओळख देत नाही. आप्पांनी तेही करून पाहिलं होतं.

काकूंची स्मृती हळूहळू गेली. आधी आमटीत मीठ घातलं की नाही ते, मग घराचा रस्ता, मग माणसं. दुबईहून लेक फोन करते तेव्हा तिला विचारतात, "कोण हवंय?" आप्पांनाही ओळखत नाहीत. पण सकाळी त्या पडद्यासमोर बसवलं की बोटं बरोबर अक्षरांवर जातात. मध्ये लेकीने लॅपटॉप पाठवला होता. काकू त्याच्यासमोर परक्या घरी आल्यासारख्या अंग चोरून बसल्या आणि थोड्या वेळाने रडायला लागल्या.

पुढे पावसाळ्याच्या तोंडावर तो कॉम्प्युटर पूर्ण बंद पडला. काकू काळ्या पडद्यासमोर बसून टाइप करत राहायच्या. मध्येच थांबून विचारायच्या, "लाइट कधी येणार हो?"

"येतील. हे काय, वायरमन आलाय," म्हणत आप्पा मला पुढे करायचे. मी उगाच बटणं खालीवर करायचो.

बोर्ड शेवटी सावर्ड्याला मिळाला. हायवेवरचा एक वजनकाटा बंद पडला होता, त्याच्या केबिनमधला कॉम्प्युटर मालक भंगारात काढत होता. आप्पांनी वास घेतला. डोळे मिटून पुन्हा घेतला.

"धूळ आहे. मीठ नाय."

"चिऱ्यांचे ट्रक मोजलेत काका त्याने," मालक म्हणाला. "कधी बसला नाय." आप्पांनी बोर्ड मांडीवर घेतला तो घर येईपर्यंत. खड्डा आला की वर उचलून धरायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्क्रू पिळले, आप्पांनी लॉक खोचलं. डिस्क थोडी कुरकुरली आणि तोच जुना पडदा उजळला. आप्पांनी काकूंना हात धरून आणलं, खुर्ची पुढे सरकवली आणि स्वतः समोरच्या स्टुलावर, गिऱ्हाईक बसतं तिथे, जाऊन बसले. रोजचंच असावं, इतक्या सरावाने.

काकूंनी चष्मा सारखा केला. "आले वाटतं लाइट. बोला काका, कोणाचं लग्न?"

मी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. निघायला हवं होतं, पण मी दाराशीच थांबलो.

"मुलगा विनायक," आप्पा म्हणाले. "विनायक सुर्वे."

"मुलगी?"

"सुनंदा. चिपळूणची."

बोटं भराभर चालली आणि थांबली. "चिपळूणची? मीपण चिपळूणचीच."

"होय? वा."

"सगळं नीट बघितलंत ना काका? लोक घाईने जमवतात." काकूंनी त्यांच्याकडे काळजीने पाहिलं. "टिकेल ना?"

आप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"टिकलंय हो," ते म्हणाले.

काकूंचं समाधान झालं. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा पडद्याकडे वळल्या. "मग परवा या पत्रिका न्यायला."

"उद्याच येतो," आप्पा म्हणाले.