कॅसेटमधली मोकळी जागा

माणूस जगाच्या कुठल्याही टोकाचा असो, त्याच्या मनातलं मला बरोबर कळतं, असं मी एकोणीसशे त्र्याऐंशी सालापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. शॉर्टवेव्हवर एका परदेशी केंद्राचा अकॉर्डियनचा कार्यक्रम दर रविवारी लागायचा. त्याच्या चाहत्यांचा देशोदेशी पसरलेला संघ होता आणि नागपुरातला त्याचा एकुलता एक सभासद मी! सभासद आपापला आवाज भरून एकमेकांना कॅसेटी पाठवत.

माझ्या वाट्याला फिनलंडचा आर्वो आला. त्याची पहिली कॅसेट ऐकायला मी, बायको सिंधू आणि शेजारचे चंपतराव टेपरेकॉर्डरला घेरून बसलो. आर्वो इंग्रजीत सावकाश म्हणाला, "तुम्ही सगळे कसे आहात?" आणि गप्प झाला. बराच वेळ नुसती खरखर. मग, "इथे बर्फ पडतोय." पुन्हा खरखर. "हा कार्यक्रम माझ्या बायकोला, हेल्मीला फार आवडायचा." ही खरखर तर इतकी लांबली की तेवढ्यात सिंधू वरणाला फोडणी देऊन आली.

"मशीन बिघडली. सीताबर्डीच्या दुकानात दाखवून आणा," चंपतराव म्हणाले.

"मशीनले काही झालं नाही," मी म्हणालो. "प्रश्न विचारून माणूस गप्प बसला, म्हणजे काय? आपल्या उत्तरासाठी जागा सोडून राहिला तो."

"बाप्पा, किती समजदार माणूस," सिंधू म्हणाली. "नवीन कॅसेट घ्यायचं कामच नाही."

मग त्याच कॅसेटवर आम्ही जागा भरायला घेतली. पहिल्या खरखरीत सिंधू ओरडली. फिनलंड लांब, म्हणून ओरडली. "भाऊजी, जेवले काय?" बर्फाच्या जागेत मी नागपूरचं ऊन सांगितलं. हेल्मीची जागा चंपतरावांना मिळाली. ते कुजबुजले तरी गल्लीतली कुत्री उठतात. "काहून गप बसून राहिला गा? बायको रुसली काय? साडी घेऊन दे तिले!" प्रत्येक वाक्याचं इंग्रजी मी जोडत गेलो. शेवटी तिघंही पोट धरून हसलो, तेही टेप झालं. कॅसेट परत पाठवून दिली.

उत्तर येईना. पावसाळा गेला, दिवाळी गेली. अकॉर्डियन लागलं की मला त्याचा तो सावकाश आवाज आठवायचा. न पाहिलेल्या माणसाची इतकी ओढ लागते, हे मला ठाऊकच नव्हतं. पोस्टमन दिसला की मी फाटकापर्यंत जायचो आणि रिकाम्या हातानं परत यायचो.

ऐन थंडीत कॅसेट आली.

"ती जागा मी सोडली नव्हती," आर्वो म्हणाला. "आम्ही फिनलंडचे लोक असेच थांबत थांबत बोलतो. हेल्मी गेल्या वर्षी वारली. ती गेल्यावर घर किती शांत झालंय, ते तुम्हाला ऐकवावंसं वाटलं. तुमचं हसणं ऐकून मला फार राग आला."

'आवडतो' नव्हे, 'आवडायचा' असं म्हणाला होता तो. एवढं साधं मला कळलं नव्हतं. सिंधूला आणि चंपतरावांना मी अर्थ सांगितला. चंपतरावांनी मान खाली घातली.

"मग एका संध्याकाळी मी एकटाच जेवायला बसलो," आर्वो पुढे म्हणाला, "आणि आठवलं, मी जेवलो का, हे कुणीतरी विचारलं होतं. तेव्हापासून रोज जेवताना तुमची कॅसेट लावतो. साडीचं ऐकून हेल्मी हसली असती. आता मी थांबतो. या वेळी जागा तुमच्यासाठीच आहे."

खरखर सुरू झाली. मी रेकॉर्डचं बटण दाबून माइक सिंधूपुढे धरला. तिनं पदर डोळ्यांना लावला. चंपतरावांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. जागा संपेपर्यंत आम्ही तिघं नुसते बसून राहिलो.

कॅसेट तशीच पाठवली. टेप होताना मधेच आमच्या कुकरची शिट्टी झाली, तिला मात्र गप्प बसवता आलं नाही.