दातारांची बारावी कॉइल

शनिवार, २० जून २०२०. ओंगार, घरामागची बाग. संध्याकाळचे साडेसात, ऊन मात्र दुपारचं. हजर: मी; माझा नवरा अनिल; डावीकडच्या कुंपणापलीकडे ब्रीडा, निवृत्त आयरिश नर्स; उजवीकडच्या कुंपणापलीकडे मोरेश्वर दातार; त्यांच्या टेबलावर बर्फाच्या ट्रेमध्ये चिठ्ठ्या लावून ठेवलेल्या अकरा कॉइल; आणि वीस सिगरेटींचं एक न फोडलेलं पाकीट.

पाकीट साक्षीदार म्हणून बोलावलंय, असं दातारांनी जाहीर केलं. बारावी कॉइलही बिघडलेली निघाली तर ते फुटणार होतं.

दातार पुण्याचे, वय चोपन्न. नोकरी सॉफ्टवेअर तपासण्याची, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून पगार घेण्याची. ही सवय ऑफिसात ठेवून घरी येणं त्यांना कधी जमलं नाही. आमच्याकडे पोहे खाल्ले की ते डोळे मिटून म्हणत, "मोहरी तडतडायच्या आधी कांदा पडलाय," आणि ताटली पुढे करून आणखी मागत. रागावायची सोय नव्हती. पुढचं वाक्य ठरलेलं असे. "दोष माणसात नसतो वहिनी, जोडणीत असतो."

सव्वीस वर्षं त्यांनी सिगरेट ओढली. फेब्रुवारीत त्यांच्या बायकोला, सुनंदाला, तातडीने पुण्याला जावं लागलं. आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. विमानतळावर ती एवढंच म्हणाली, "मी परत येईन तेव्हा तुमच्या शर्टाला सिगरेटचा वास नको." दातारांनी त्याच दिवशी सिगरेट सोडली आणि व्हेप घेतलं, म्हणजे बॅटरीवरची वाफेची सिगरेट, आंब्याच्या स्वादाची. ती तीन आठवड्यांसाठी गेली होती. मग विमानं बंद झाली. इकडे व्हेपची दुकानंही बंद झाली आणि दातारांकडच्या तयार कॉइल संपल्या.

दुसरा कोणी असता तर सिगरेटकडे वळला असता. दातारांनी तारेचं रीळ मागवलं.

कॉइल म्हणजे बारीक तारेचं स्प्रिंगसारखं वेटोळं. त्यातून कापसाची वळी ओवायची. कापूस रस पितो, बॅटरी तार तापवते, रसाची वाफ होते. दातार त्याला 'रस'च म्हणायचे, आमरस वाढल्यासारखे. स्क्रूड्रायव्हरवर तार गुंडाळून, भिंग लावून, ती मधून कडेपर्यंत सारखी लाल होते का हे ते तास तास बघत बसत. त्या वसंतात सगळ्यांचेच दिवस एकमेकांत विरघळले होते. वार कळायचा तो कचऱ्याच्या गाडीमुळे. त्या लांबच लांब उजेडात दातारांच्या बागेतून एक पांढरा ढग उठायचा, आमच्या वाळत घातलेल्या चादरींवरून रमतगमत ब्रीडाच्या गुलाबांपर्यंत जायचा, आणि पाठोपाठ निदान ऐकू यायचं.

"करपट! म्हणजे कापूस फार दाबला, रस पोचत नाहीये."

"लोखंडी! तार नीट धुतली नाही."

"जळका गूळ! रसातली साखर तारेवर बसलीये."

तेव्हा मी रस्त्यातल्या म्हाताऱ्या लोकांच्या सामानाच्या याद्या सांभाळत होते. कोणाला दूध, कोणाला गोळ्या. दातारांची तक्ता मांडायची पद्धत मला मनापासून पटायची. बिघाड, कारण, उपाय, खूण. मे महिन्यात त्यांच्या तक्त्यावरचे सगळे बिघाड निकालात निघाले. आणि मग तो एक आला, ज्याला नाव सापडेना.

"वहिनी, आंब्याच्या मागे कोणीतरी उभं आहे," ते कुंपणापाशी येऊन म्हणाले.

"म्हणजे कडवट?"

"नाही."

"तुरट? खवट?"

"चव नाहीच ती. उभं आहे, बस्स. ओळखीचं आहे, पण तोंड दिसत नाही."

सहावी कॉइल, सातवी, आठवी. दातारांनी नळाच्या पाण्यावर संशय घेतला, तारेवर घेतला, बॅटरीवर घेतला. एक दिवस तर पलीकडच्या शेतावरून येणाऱ्या वाऱ्यावर घेतला आणि खिडक्या लावून तपासणी केली. अनिल म्हणाला, "आता फक्त मी उरलोय. माझाही नंबर लागेल." दातार हसले नाहीत. पाच-सहा झुरके घेतले की त्यांना काहीतरी व्हायचं, ते यंत्र खाली ठेवायचे आणि मग हात सवयीने शर्टाच्या खिशाकडे जायचा. खिसा रिकामा. पुण्याहून सुनंदा मला परस्पर फोन करायची.

"मेधा, खरं सांग, ओढतायत का ते?"

"अजून नाही."

"अजून म्हणजे काय गं?"

काय सांगणार? आदल्याच दिवशी मी त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानातून सिगरेटचं पाकीट घेऊन येताना पाहिलं होतं. यादीत लिहून ठेवलं: दातार, लक्ष.

तर ती शनिवारची संध्याकाळ. दातारांनी बारावी कॉइल बसवली, रस भरला, पाच मिनिटं मुरू दिला. "घाई केली की करपतं," हे आम्हाला पाठ होतं, तरी त्यांनी सांगितलं. मग एक लांब झुरका घेतला. डोळे मिटले. ढग बाहेर आला आणि उन्हात सोनेरी होऊन आमच्या बागेवर पसरला.

"आहे," ते म्हणाले. "उभं आहे." आणि हात पाकिटाकडे गेला.

"दातार, थांबा जरा," अनिल म्हणाला.

"किती थांबू? चार महिने थांबलोय." आवाज चढला नव्हता. त्याचीच मला भीती वाटली. त्यांचं नख पाकिटाच्या वेष्टनाखाली गेलं.

ढग तेवढ्यात ब्रीडापर्यंत पोचला होता. तिने नाक वर केलं. "मेधा लव्ह, युअर मॅन काय पेटवतोय गं?" इथे 'युअर मॅन' म्हणजे तो पलीकडचा बाबा. "मी आज चर्चमध्ये मासच्या प्रार्थनेला गेले नाही तर मासच माझ्याकडे आलंय. अगदी चर्चमधल्या धुपासारखं."

धूप म्हटल्यावर माझ्या डोक्यात काहीतरी सरकलं. मी उजवीकडच्या कुंपणाकडे गेले.

"दातार, कापूस कुठला आहे?"

"घरातला."

"घरातला म्हणजे?"

"सुनंदाचा. वातींचा. मागवलेला कापूस टपालात अडकलाय म्हणून सहाव्या कॉइलपासून तोच वापरतोय. वात ती वात."

"आणि सुनंदा तो ठेवते कुठे?"

"हॉट प्रेसमध्ये."

इथल्या घरात जिन्यावर गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, तेच हॉट प्रेस. लोक त्यात टॉवेल ठेवतात. इथल्या दमट हवेत वाती ओल्या होतात, म्हणून सुनंदा देवाचं सगळं सामान तिथे ठेवायची. वाती, कापूस आणि कापूर. कापराच्या डबीचं झाकण कधीच नीट बसायचं नाही. फेब्रुवारीपासून त्या उबेत कापूर हळूहळू उडत होता आणि कापूस तो पीत होता.

"म्हणजे," अनिल म्हणाला, "दातार महिनाभर आरती ओढतायत."

दातारांनी तक्ता उघडला. पाणी, तार, रस, बॅटरी, वारा. कापूस कुठला, हा रकानाच नव्हता.

"देव मी मानत नाही वहिनी," ते खाली बघत म्हणाले, "पण म्हणून त्याच्या कापसावर संशय कसा घेणार?"

ब्रीडाला मी सगळं समजावलं. ती आधी हसली, मग एकदम नर्स झाली. कापूर छातीत ओढायची वस्तू नाही, ताबडतोब बंद! तिने घरातून सीलबंद कापसाचं पुडकं आणलं. ते माझ्या झाडूच्या टोकावरून, दोन मीटर अंतर राखून, दातारांकडे पोचलं. तेरावी कॉइल. एक ढग.

"आंबा," दातार म्हणाले. "नुसता आंबा."

आम्ही टाळ्या वाजवल्या. पाकीट त्यांनी स्वतःहून त्याच झाडूवरून माझ्याकडे पाठवलं, आणि मी ते ब्रीडाच्या देखत पाण्याच्या बादलीत बुडवलं. चूक सापडली की दातारांचा चेहरा कसा फुलतो, ते मी पोह्यांपासून बघत आलेय. त्या दिवशी तो फुलला नाही.

दुसऱ्या दिवशी सुनंदाला सांगितलं तर ती हसून हसून बेजार झाली. मग म्हणाली, "तो कापूस आधी फेकून दे गं. कापूरही. नाहीतर परत वापरतील." मी यादीत घेतलं. कचऱ्याची गाडी बुधवारी.

मंगळवारी मास्क लावून, पिशवी घेऊन गेले. दातार वर होते. जिना चढले तर हॉट प्रेससमोर, त्या चिंचोळ्या जागेत, जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची. शेजारी जमिनीवर स्वयंपाकघरातलं अंडी उकडायचं घड्याळ.

"इथे का बसताय?"

"बसतो थोडा वेळ. रोज." ते उठून उभे राहिले, शाळेत पकडल्यासारखे. "बघा ना, तुम्हीही."

त्यांनी घड्याळाला किल्ली दिली आणि दार उघडलं. आत पांढरी टाकी हलकेच गुरगुरत होती. वर सुनंदाच्या हातचे वातींचे जुडगे, दोऱ्याने बांधलेले, आणि कापराची डबी. ऊब अंगावर आली आणि तिच्याबरोबर तो वास. छतातल्या खिडकीतून ऊन उतरत होतं. त्या चौकोनात उभं राहिल्यावर मला क्षणभर खरंच वाटलं, खाली स्वयंपाकघरात कोणीतरी चहा टाकलाय. दातार डोळे मिटून उभे होते. आज कसलंच निदान नव्हतं.

घड्याळ वाजलं. त्यांनी लगेच दार लावलं आणि नीट बसलंय का, ते दाबून पाहिलं.

"पाच मिनिटांच्या वर उघडत नाही," ते म्हणाले. "कापूर निम्मा झालाय वहिनी. ती येईपर्यंत पुरायला हवा."

मी पिशवीची घडी घातली. म्हटलं, "पुढच्या बुधवारी बघू."

त्यानंतर तीन बुधवार गेले. सुनंदा विचारते, मी म्हणते आठवणीत आहे. आज मंगळवार. बाकी सगळ्या कामांवर खुणा झाल्या. सातव्या ओळीवर 'दातार, कापूस फेकणे' तसंच आहे.