खरबूज आणि दोन जहाजं

आधीच सांगून ठेवतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. ऱ्हस्व-दीर्घ जिथे चुकलं असेल तिथे मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे चला. शब्दही साधेच आहेत, कारण भारी शब्द बहुतेक दहावीत शिकवत असावेत आणि मी नववीतच शाळेला नमस्कार केला. त्यातल्या त्यात बरं म्हणजे गोष्ट माझी नाही, किशोरची आहे. किशोर माझ्या फार जवळच्या ओळखीचा. इतका, की त्याचे शर्ट मला बरोबर बसतात, ॲसिडच्या भोकांसकट.

भोकं पडायचं कारण असं की, किशोरच्या मोठ्या भावाचं, रंगनाथचं, नाशिकच्या द्वारका चौकात ट्रकच्या बॅटऱ्यांचं दुकान होतं. तिथे दोन कामं असायची. बॅटऱ्या चार्ज करणं आणि ट्रकवाल्यांशी हुज्जत घालणं. हुज्जत रंगनाथकडे आणि बॅटऱ्या किशोरकडे, अशी वाटणी होती. किशोर इतका लाजाळू, की सिटी बसमध्ये कंडक्टरला ‘थांबवा’ म्हणायची लाज वाटून पुढच्या स्टॉपला उतरायचा आणि चालत मागे यायचा. बॅटरीला काही म्हणावं लागत नाही, म्हणून त्याचं उत्तम चाललं होतं.

ही २००६ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दरवर्षी सुट्टीत रंगनाथ, सविता वहिनी आणि मुलं लासलगावला आत्याकडे जायची. त्या वर्षी आत्याच, म्हणजे आक्काबाई, गुडघे दाखवायला नाशिकला आली आणि राहिली. सुट्टीत ज्या गावाला जायचं ते गावच उठून आपल्या घरात येऊन बसलं, तर जायचं कुठे? शेवटी टीव्हीवर जाहिरात बघून वहिनीने ठरवलं, यंदा जहाज. मुंबईहून गोवा आणि गोव्याहून पुढे लक्षद्वीप.

“पोरं लहान आहेत,” रंगनाथ म्हणाला.

ते खरं होतं. ओम पाच वर्षांचा होता आणि त्याला कोणतीही गाडी लागायची. एकदा तर उभ्या रिक्षात उलटी झाली होती. साक्षी अडीच वर्षांची होती आणि जिथे फट दिसेल तिथे डोकं घालायची.

“म्हणून तर नीट चौकशी करा म्हणते,” वहिनी म्हणाली.

रंगनाथने ती चौकशी, नेहमीच्या सवयीने, खाली सरकवली. “किश्या, दुकानाशेजारच्या ट्रॅव्हल्सवाल्यांकडे नीलमोती जहाजाचं बुकिंग आहे. रस्त्यापलीकडे दुसरं ऑफिस आहे, त्यांच्याकडे दर्यासुंदरीचं. जेवायच्या सुट्टीत जरा विचारून ये, पोरांना दोन्हीतलं कोणतं बरं.”

एवढंच. पुढचं सगळं ह्या ‘जरा’तून झालं.

नीलमोतीच्या काउंटरला यशश्री नावाची मुलगी बसायची. किशोर आत गेला, तिने मान वर करून “बोला” म्हटलं, आणि किशोर घरून ठरवून आणलेलं सगळं विसरला.

“जहाज पाण्यातून जातं ना?” त्याने विचारलं.

दुसरी कुणी असती तर हसली असती. यशश्रीने गंभीरपणे विचार केला आणि म्हणाली, “हो. शक्यतो.”

त्या ‘शक्यतो’वर किशोर मेला. दुकानात परत आल्यावर रंगनाथने विचारलं, “काय म्हणाले?”

“पाण्यातून जातं म्हणाले.”

“आणखी?”

“आणखी उद्या विचारतो.”

किशोर शिकला नसला तरी मूर्ख नव्हता. (असं माझं मत आहे. इतरांची वेगळी आहेत.) त्याच्या लक्षात आलं, की सगळे प्रश्न एकदम विचारले तर एका दिवसात उत्तरं मिळतील, जहाज ठरेल, आणि मग त्या ऑफिसात जायला काही निमित्त उरणार नाही. तेव्हा रोज एकच प्रश्न. ह्या एका प्रश्नाच्या जोरावर, कधीतरी, जहाजाशी संबंध नसलेलं एक वाक्य यशश्रीशी बोलायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

प्रश्नांना घरात तोटा नव्हता. वहिनीला विचारायचं होतं, मुलांसाठी दूध गरम करून मिळेल का. रंगनाथला कळायला हवं होतं, जहाजाला बॅटरी कोणत्या कंपनीची. आणि आत्या तर प्रश्नांचं मार्केट यार्डच होती.

“जहाजाला बिरेक हाय का नाय, ते इचार,” ती म्हणायची. “आन मंधीच पंक्चर झालं तं?”

“आत्या, जहाजाला चाकं नसतात.”

“मंग त्ये चालतंय कशावर? माल पाह्यल्याबिगर भाव करू नाय, किशोर. कांद्याची गोणी पन मी हात घालून तळातला कांदा काढून पाहाते.”

दोन जहाजांची तुलना होती, म्हणून दोन्हीकडे जाणं भाग होतं. यशश्री म्हणायची, “आमच्यात छोट्या मुलांसाठी वेगळा हौद आहे, गुडघाभर पाण्याचा. दर्यासुंदरीत आहे का, विचारा बरं.” किशोर जीव मुठीत घेऊन रस्ता ओलांडायचा. (द्वारकेचा रस्ता ओलांडणं हा स्वतंत्र प्रवास आहे, त्याचं बुकिंग कुणी घेत नाही.) पलीकडे गौरांग नावाचा उंच, चष्मेवाला तरुण बसायचा. तो म्हणायचा, “आमच्या हौदाला घसरगुंडी आहे, सांगा त्यांना. आणि त्या काय म्हणाल्या ते मला येऊन सांगा.”

किशोर सांगायचा. यशश्री हसायची. “असं म्हणाले? मग त्यांना विचारा, घसरगुंडीवरून ते स्वतः घसरलेत का.”

किशोर पुन्हा पलीकडे. गौरांगही हसायचा आणि किशोरला चहा पाजायचा. इतके चांगले लोक आपल्या एका बुकिंगसाठी एवढे कष्ट घेतात, ह्याचं किशोरला फार नवल वाटायचं.

मग जहाजाच्या कठड्याचा प्रश्न निघाला. साक्षी कठड्याच्या गजांतून डोकं घालणार हे नक्की होतं, फक्त ते पलीकडे जाईल का, एवढंच बघायचं होतं. आत्याने साक्षीच्या डोक्याला दोरी गुंडाळून माप घेतलं, भाजीच्या गाडीवर गेली आणि त्या मापाचं खरबूज घेऊन आली.

“हे घिऊन जाय.”

“नुसती दोरी नेतो ना, आत्या.”

“दोरीनं माप कळतंय. डोकं नाय कळत.”

दुसऱ्या दिवशी किशोरने खरबूज यशश्रीच्या काउंटरवर ठेवलं. “हे कठड्यातून जाईल का?”

“खरबूज कशाला जाईल?”

“खरबूज नाही. साक्षी.”

“साक्षी कोण?”

“माझी पुतणी. हे तिचं डोकं आहे.”

बाकावर बसलेल्या एका गिऱ्हाइकाने चहाचा कप खाली ठेवला आणि ते निघून गेलं. यशश्री मात्र ओढणी तोंडाला लावून इतकी हसली, की किशोरला वाटलं, आता ते वाक्य बोलावं. तेवढ्यात ती म्हणाली, “आमच्याकडे नुसते फोटो आहेत. त्यांच्याकडे काचेच्या पेटीत जहाजाचं मॉडेल आहे. तिथे नेऊन दाखवा ना. आणि ते काय म्हणतात ते नक्की सांगा.”

गौरांगने खरबूज मॉडेलशेजारी ठेवून पाहिलं. खरबूज जहाजाहून मोठं होतं.

“ह्या हिशेबाने तुमची पुतणी जहाजातच मावणार नाही,” तो म्हणाला. “मग पडायचा प्रश्नच नाही.”

तेवढ्यात रंगनाथने रस्त्यापलीकडून हाक मारली आणि किशोर खरबूज तिथेच विसरून पळाला. संध्याकाळी त्याने पाहिलं, तर यशश्री स्वतः रस्ता ओलांडून दर्यासुंदरीच्या ऑफिसात शिरत होती. खरबूज आणायलाच, दुसरं काय? आपल्या घरच्या वस्तूची तिला एवढी काळजी आहे, ह्या आनंदात किशोरने एका बॅटरीत दोनदा पाणी भरलं. ती बऱ्याच वेळाने बाहेर आली, ती रिकाम्या हाताने. जड असेल, किशोरला वाटलं.

असा सगळा मे महिना गेला. ओम रोज विचारायचा, “काका, जहाज ठरलं?” आणि किशोर रोज म्हणायचा, “चौकशी चालू आहे.” शेवटी शाळा उघडायची वेळ आली तेव्हा रंगनाथचा संयम संपला.

“एवढ्या वेळात माणूस जहाज बांधून काढतो,” तो म्हणाला. “रविवारी मी स्वतः येतो आणि दोन्हीतलं एक बुक करून टाकतो.”

म्हणजे शनिवार शेवटचा. किशोरने त्या दिवशी भोकं नसलेला शर्ट घातला. (तो रंगनाथचा होता.) रात्री छताकडे बघत त्याने असा प्रश्न शोधून काढला होता, जो जहाजाचाही होता आणि नव्हताही.

“एक शेवटचं विचारायचं होतं,” तो काउंटरशी म्हणाला.

“विचारा ना.”

“जहाजावर... नवीन लग्न झालेल्यांना वेगळी खोली मिळते का?”

यशश्रीने पेन खाली ठेवलं. ती कानापर्यंत लाल झाली. (किशोर आधीपासूनच होता.)

“तुम्हाला कळलं?” तिने हळूच विचारलं.

“म्हणजे... थोडंफार.”

“कधीपासून?”

“खरबुजापासून,” किशोर म्हणाला.

“आमचंही तेव्हापासूनच,” ती खाली बघून म्हणाली. “घरी अजून सांगितलं नाहीये. तुम्ही कुणाला बोलू नका हं.”

“नाही बोलणार.”

“खरं सांगू? तुम्ही नसता तर हे झालंच नसतं.”

हे किशोरला अगदी पटलं. आपण नसतो तर आपल्याशी कसं झालं असतं?

“उद्या घरच्यांना घेऊन येतो,” तो म्हणाला.

“या ना. सगळ्यांची ओळख होईल.”

कुणाला बोलायचं नव्हतं, म्हणून किशोरने फक्त वहिनीला सांगितलं. वहिनीने फक्त रंगनाथला सांगितलं. रंगनाथने सांगायच्या आत आत्याने भिंतीला कान लावून ऐकलं होतं.

रविवारी सकाळी सगळं घर नीलमोतीच्या ऑफिसात दाखल झालं. वहिनी पैठणीत. आत्याच्या पिशवीत नारळ, खण आणि पेढे. ओम-साक्षीची तोंडं पावडर लावून पांढरी केलेली. यशश्रीच्या शेजारच्या खुर्चीवर गौरांग बसला होता. बुकिंग कोणाला मिळतं ते बघायला आला असेल, असं किशोरला वाटलं आणि त्याची थोडी दयाही आली.

आत्या समोरच्या खुर्चीवर बसली आणि यशश्रीला तळातल्या कांद्यासारखं निरखून बघू लागली.

“सैपाक येतो का, बाई?”

“जहाजावर आचारी असतात, आजी.”

“आन आचारी आजारी पडला तं?”

“मग... करीन मी,” यशश्री गोंधळून म्हणाली.

“गुणाची हाय,” आत्याने निकाल दिला. “आमचा पोरगा बी लय साधा हाय. बोलत नाय, पन मनाचा चांगला.”

“हो ना. आम्हा दोघांना फार आवडतात ते.”

“दोघांना?” वहिनी म्हणाली.

तेव्हा गौरांग उठला आणि आत्याच्या पाया पडला. “आजी, आशीर्वाद द्या. आमचं जमलं ते ह्यांच्यामुळेच. रोज हिचा प्रश्न मला आणि माझं उत्तर हिला. त्या खरबुजाच्या दिवशी हे ते माझ्याकडे विसरले. ही ते न्यायला आली आणि आम्ही दोघांनी मिळून खाल्लं.”

“किशोरदादा आमचे मध्यस्थ,” यशश्री म्हणाली.

ती त्याला दादा म्हणाली. इतके दिवस काहीच म्हणत नव्हती, ते किती बरं होतं.

वहिनी पैठणीच्या पदराची घडी घालू लागली, उलगडू लागली. आत्याने मात्र मार्केटमध्ये आयुष्य काढलं होतं, फिसकटलेला सौदा तिला नवा नव्हता. तिने पिशवीतून नारळ आणि खण काढला.

“आनलेला नारळ माघारी न्यायचा नसतोय,” ती म्हणाली आणि तिने यशश्रीची ओटी भरली. पेढे मात्र तिने पिशवीतच राहू दिले.

“असो,” रंगनाथ घसा खाकरून म्हणाला. “आता तुम्ही एकाच घरातले झालात, तेव्हा खरं काय ते सांगा. दोन्हीतलं कोणतं बुक करू?”

यशश्री आणि गौरांगने एकमेकांकडे पाहिलं.

“बोटी तर बंद झाल्या,” गौरांग म्हणाला. “पावसाळ्यात दोन्ही बंद असतात. आता दिवाळीनंतर.”

“मग सांगितलं नाही ते?”

“आम्हाला वाटलं, दादांना माहीत असेल. त्यांनी ब्रेक विचारला, पंक्चर विचारलं, बॅटरी विचारली. जहाज निघतं कधी, एवढं काही त्यांनी विचारलं नाही.”

सगळ्यांनी किशोरकडे पाहिलं. ओमचा खालचा ओठ पुढे येऊ लागला. सुदैवाने त्याच वेळी साक्षीने खुर्चीच्या पाठीच्या फटीत डोकं घातलं. ते पलीकडे गेलं आणि परत येईना. सगळेजण तिकडे धावले. किशोरने तिचे कान दाबून धरले, गौरांगने खुर्चीचा स्क्रू ढिला केला, आणि डोकं निघालं. निघताना गौरांग रस्त्यापलीकडे जाऊन दर्यासुंदरीची एक कप्तानाची टोपी घेऊन आला. बुकिंग करणाऱ्यांच्या मुलांना ती फुकट द्यायचे.

“मध्यस्थाचा मान,” तो म्हणाला आणि त्याने ती किशोरच्या डोक्यावर ठेवली. ती बसली नाही, पण राहिली.

त्या रात्री ओम जहाजासाठी रडून रडून झोपला. किशोरला तर रडायचीही सोय नव्हती, शेजारीच आत्या झोपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बॅटऱ्या वाहायची हातगाडी धुतली, त्यात गोधडी अंथरली, ओम आणि साक्षीला बसवलं आणि टोपी डोक्यावर ठेवली.

“कुठे निघालात, भाऊजी?” वहिनीने दारातून विचारलं.

“गोव्याला. तिथून लक्षद्वीप.”

गाडी गल्लीतून निघाली. साक्षीने गाडीच्या कडेच्या गजांतून डोकं घालून पाहिलं, ते गेलं नाही, तशी ती निराश होऊन बसली. ओमने भोंगा वाजवला, तोंडानेच. इस्त्रीवाल्याने सलाम ठोकला. कोपऱ्यावर किशोरने गाडी वळवली आणि ओम एकदम गप्प झाला. त्याचा चेहरा पिवळा पडत चालला होता. हातगाडीही लागली होती.

किशोरने पटकन डोक्यावरची टोपी काढून त्याच्या तोंडापुढे धरली. ती टोपी साक्षीला मोठी व्हायची आणि किशोरला लहान. ओमला मात्र बरोबर पुरली.