एका वाकळेत दोन पाईप

वैशाखात नळाचं पाणी गार करून दाखवायचं असं संगमेशनं ज्या दिवशी ठरवलं, त्या दिवशी त्याला कुणी नुसतं चहाला बोलावलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण अख्ख्या राजारामपुरीत एकालाही ते सुचलं नाही.

निमित्त होतं सासूबाईंचं. हिराबाई निपाणीहून आठ दिवस लेकीकडं येणार होत्या. बाई मनानं मोठ्या, पण पाण्याच्या बाबतीत भारी कडक. फ्रीजच्या पाण्यानं त्यांचा घसा धरायचा आणि माठातलं पाणी त्यांच्या लेखी शिळं. डोळ्यांदेखत नळातनं काढलेलं असेल तरच तांब्या तोंडाला लागायचा. गेल्या वैशाखात भर दुपारी जावयानं असाच तांब्या भरून दिला. बाईंनी एक घोट घेतला, तांब्या खाली ठेवला आणि संध्याकाळच्या एसटीनं घर गाठलं. बोलल्या काही नाहीत. (बोलल्या असत्या तर परवडलं असतं.)

"औंदा अव्वा आठ दिवस ऱ्हायली पायजे," आईच्या काळजीनं प्रेरणानं नवऱ्याला बजावलं. "न्हायतर तिच्या मागनं मीबी जाणार. मग थापा तुमच्या भाकरी तुम्हीच."

"पाण्याचं माझ्यावर सोड. कंपनीत चौदाशे डिग्रीच्या लोखंडाच्या रसाशी खेळतोय मी. हे तर टाकीतलं पाणी!"

(कागल एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तो होता हे खरं. पण होता गेटवर, पास लिहायला.)

गच्चीवर जाऊन त्यानं पाहणी केली. टाकीवर पत्र्याची सावली होती. पण टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंतचा पाईप उघड्या उन्हात पडलेला. पाणी तापतंय ते पाईपात! निदान अगदी बरोबर होतं, हे मान्य करायलाच हवं. उपायही सोपा, पाईप झाकायचा. त्यानं ट्रंकेतनं मोठी वाकळ काढली.

अडचण एवढीच, की पाईप दोन होते. एक टाकीचा, दुसरा सोलरचा, बाथरूमला गरम पाणी नेणारा. दोन्ही पांढरे, दोन्ही शेजारी शेजारी. कोणता कोणाचा? प्रेरणाला माहीत होतं, पण चौदाशे डिग्रीवाल्यानं बायकोला विचारायचं? छे! त्यानं दोन्ही पाईप एकाच वाकळेत घट्ट गुंडाळले आणि वरनं सुतळीच्या सात गाठी मारल्या. चूक व्हायला जागाच ठेवली नाही.

शेजारच्या गच्चीवर धोंडुबाई सांडगे घालत होत्या. "काय वो संगमेश, पाईप बाळंत झालाय व्हय?"

"उन्हापासनं जपतोय, मावशी."

"मग डिंकाचा लाडू बी चारा की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यानं नळ सोडला. पाणी गारेगार! "बघ, ह्याला म्हंत्यात सायन्स!" (सकाळी सहाला कोल्हापुरात सगळंच गार असतं, हे त्या सायन्समध्ये बसत नव्हतं.)

दुपारी एकला हिराबाई आल्या. पिशवी दाराशीच ठेवली. एसटीत पाय आखडले म्हणून बाथरूममध्ये गरम पाणी सोडून चांगला पाव तास पाय शेकत बसल्या. तेवढा वेळ वर वाकळेत सोलरचा पाईप तापत होता आणि टाकीचा पाईप त्याला बिलगून पडला होता.

मग सासूबाई स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसल्या. संगमेशनं त्यांच्यासमोर नळ सोडून तांब्या भरला. हाताला चटका बसला, पण त्याला वाटलं, भीतीनं आपलाच हात तापला असावा.

हिराबाईंनी एक घोट घेतला. तांब्या खाली ठेवला.

"जावईबापू, ह्यात चहापूड टाकायची ऱ्हायली काय?"

प्रेरणानं दाराशी ठेवलेल्या पिशवीकडं बघितलं. पिशवी अजून सोडलेलीही नव्हती. हिराबाई उठल्या तसा संगमेश धावत जाऊन पिशवीला आडवा झाला. पण बाई दाराकडं गेल्याच नाहीत, जिना चढून गच्चीवर गेल्या. वाकळेत हात घातला आणि झटक्यात काढला.

"अय्यो! गरम नि गार एका पांघरुणात निजवलासा? ह्याची ऊब त्याला लागणारच की!"

"ऊन लागू नये म्हणून झाकलं, अव्वा."

"मग टाकीचा तेवढाच झाकायचा!"

"पण टाकीचा कोणता, ते कसं वळखायचं?"

"जो टाकीतनं निघतोय त्यो!"

संगमेशनं मान वळवून बघितलं. खरंच, टाकीतनं एकच पाईप निघत होता.

हिराबाईंनी स्वतः सातही गाठी सोडल्या आणि एकट्या टाकीच्या पाईपावर वाकळ घातली. खाली येऊन नळाखाली बादली लावली. "पाईपात तापल्यालं आधी जाऊ दे, ते भांड्यांना घे. मागनं सावलीतलं येतंय." बादली भरली, मग तांब्या भरला, आणि बाईंनी तो एका दमात रिकामा केला. प्रेरणाचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात हिराबाईंनी निपाणीला लेकाला फोन लावला. "आठ दिवस न्हाय रे, म्हैनाभर हितंच ऱ्हातो. काय झालं इचारतोस? अरं, पोरीला कुणाच्या भरवशावर सोडून येऊ?"

प्रेरणा हसू आवरत पिशवीतल्या साड्या कपाटात लावायला लागली. सासूबाई राहिल्या त्या आपल्यामुळंच, यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून संगमेशचीही छाती फुगली.

"बसा अव्वा," तो ऐटीत म्हणाला, "आता माझ्या हातचा फक्कड चहा घ्या."

"प्रेरणा," हिराबाई हळूच लेकीला म्हणाल्या, "चहा तूच ठेव ग. ह्यांच्या हातनं गारच मिळायचा."