गॅलरीत पाणी सांडू नये

आमच्या घरात पाणी सांडायला सक्त मनाई असलेली एकच जागा होती. ती म्हणजे गॅलरी, जिच्यातून थेंबभरही पाणी गळत नाही असं माझा नवरा जगाला छातीठोकपणे सांगत होता.

जरा उलगडून सांगते. नवरा वॉटरप्रूफिंगची कामं घेतो. नोकरी सोडून स्वतःचा धंदा सुरू केल्यावर त्याने पहिलं काम केलं ते आमच्याच गॅलरीचं. ही गॅलरी वर्षानुवर्षं खालच्या मजल्यावरच्या काकांच्या आरामखुर्चीवर गळत होती. आमच्याकडे कपडे धुवायला काढले की काका डोक्यावर वर्तमानपत्र धरून खालून ओरडायचे म्हणे. आणि काका म्हणजे बिल्डिंगचे सेक्रेटरी. गच्चीचं मोठं काम कोणाला द्यायचं हे, ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी संध्याकाळच्या मीटिंगमध्ये ठरणार होतं, आणि काका सकाळी येऊन आमची गॅलरी बघणार होते. काम मिळालं तर धंदा उभा राहणार, नाहीतर नवरा पुन्हा जुन्या साहेबांच्या दारात.

"आज गॅलरीत पाणी सांडू नका हं कोणी," बाहेर पडताना तो म्हणाला.

"गळत नाही ना आता?" आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी विचारलं.

"नाहीच गळत."

"मग?"

"मग कशाला सांडायचं?"

मी काही बोलले नाही. (लग्नाला दोन महिने झालेत. अजून मला विचारलं तरच मी बोलते, आणि या घरात विचारायला कोणाला सवड नसते.) पण त्याची कोटेशन्स मीच टाइप करते. प्रत्येकाच्या तळाशी एक वाक्य असतं: 'काम झाल्यावर पाणी साठवून पाँडिंग टेस्ट घेण्यात येईल.' आमच्या गॅलरीत साठवलेलं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. उलट काम झाल्यापासून नवरा कुंड्यांना चमच्याने पाणी घालत होता.

तर त्याच सकाळी नणंदबाई, म्हणजे ताई, त्यांच्या दोन वर्षांच्या लेकीला आमच्याकडे सोडून कामाला गेल्या. लेकीला सगळे भिंगरी म्हणतात. का ते तिच्याबरोबर पाच मिनिटं घालवली की कळतं. "मोबाइल दाखवायचा नाही, गोड द्यायचं नाही, आणि रडवायचं नाही," एवढं सांगून ताई लिफ्टमध्ये शिरल्या. राहिलं काय, ते सांगितलं नाही.

भिंगरीला मोबाइल दाखवायचा नव्हता, मला बघायला बंदी नव्हती. मी शोधलं: लहान मुलांसाठी घरच्या घरी पाण्याचे सोपे खेळ. एक हसरी बाई पांढऱ्याशुभ्र कपड्यांत सांगत होती, "एक टब घ्या, दोन वाट्या, एक गाळणी, एक स्पंज आणि थोडं पाणी." (पाण्याशी खेळून कपडे पांढरेशुभ्र राहतात, इथेच मला शंका यायला हवी होती.)

टब बाथरूममध्ये मांडला, तर आई टॉवेल घेऊन दारात उभ्या. स्वयंपाकघरात नेला, तर तिथली फरशी त्यांनी नुकतीच पुसलेली. उरली गॅलरी. मी विचार केला: पाणी टबात आहे, टब गॅलरीत आहे; म्हणजे पाणी काही गॅलरीत नाही, ते टबातच आहे. (हा युक्तिवाद मी नंतर नवऱ्यालाही ऐकवला. चालला नाही.)

खेळ झकास रंगला. या वाटीतून त्या वाटीत ओतायचं. गाळणीत ओतलं की पाणी खालून शंभर ठिकाणांहून निसटायचं आणि भिंगरी हसून हसून मागे बसायची. मग स्पंज. तो पिळला की ती म्हणायची, "शू केली!" आणि दोघी खदाखदा हसायचो. दोन महिन्यांत मी इतक्या मोठ्याने हसले नव्हते. सुनेने किती मोठ्याने हसायचं असतं, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

"मामी, अजून!"

वॉशिंग मशीनचा नळ हाताशी होता. मी तो बारीक सोडून टबात लावला. अगदी बारीक. भिंगरी तोवर कोपऱ्यातल्या पाणी जायच्या जाळीपाशी जाऊन बसली आणि स्पंज बोटाने आत कोंबायला लागली.

"काय गं करतेस?"

"याला भूक."

"खाल्लं का त्याने?"

"खाल्लं."

"सगळं?"

"सगळं!"

मला ते फार गोड वाटलं. मग आम्ही वाट्यांची शर्यत लावली. शर्यत अटीतटीला आली असताना माझी एक स्लीपर माझ्या समोरून शांतपणे तरंगत गेली. पाठोपाठ दुसरी. मी खाली पाहिलं. गॅलरीत घोट्याएवढं तळं झालं होतं, आणि उंबऱ्यावरून त्याचा एक ओहोळ हॉलकडे निघाला होता.

मी नळ बंद केला आणि दाराची बेल वाजली.

आई नुकत्याच अंघोळ करून आल्या होत्या. त्यांनीच दार उघडलं. नवरा आणि काका बोलत बोलत थेट गॅलरीच्या दारापर्यंत आले. नवऱ्याचं वाक्य "एकदम कोरडी ठणठ..." इथवर आलं आणि तिथेच राहिलं.

पायजमा गुडघ्यापर्यंत वर, केस गालाला चिकटलेले, हातात गाळणी, अशी मी तळ्याच्या मधोमध उभी. काकांनी मला नखशिखान्त पाहिलं. नवऱ्याचा चेहरा असा झाला होता, की मला राहवलं नाही. न विचारता मी बोलले. या घरात पहिल्यांदाच.

"पाँडिंग टेस्ट चालू आहे."

"अस्सं!" काका खूश झाले. "टेस्टिंगला माणूस ठेवलायस तू? धंदा जोरात दिसतोय की! आणि पोरीला घेऊन येतात का या कामावर?"

"हो... म्हणजे... पाळणाघर..." नवरा म्हणाला, आणि आम्ही सगळे त्या 'हो'मध्ये अडकलो.

काका बरेच महिने मुलीकडे राहून नुकतेच परतले होते, त्यामुळे आमचं लग्न त्यांचं हुकलं होतं. ते आईंकडे वळले. "आणि सूनबाई कुठेय? बघितलंच नाही अजून."

आईंनी माझ्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, उंबऱ्यावरच्या ओहोळाकडे पाहिलं. त्यांच्या डोक्यात काय काय येऊन गेलं असेल, ते मला आजही विचारवत नाही.

"माहेरी गेलीय," त्या म्हणाल्या.

"मामी, ओत!" भिंगरी माझ्याकडे बघून ओरडली.

काकांच्या कपाळाला आठी पडली. "आईला मामी म्हणते?"

नवरा गारठला. तेवढ्यात भिंगरीने भरलेली वाटी उचलली, पाण्यातून फतक फतक करत काकांपाशी गेली आणि वाटी पुढे केली. "मामी, घे. तू ओत."

"सगळ्यांनाच मामी म्हणते ती," आई म्हणाल्या. हे मात्र त्या क्षणी शंभर टक्के खरं होतं.

काकांनी वाटी घेतली. ओतली. भिंगरीने टाळ्या वाजवल्या. काकांनी आणखी एक ओतली, मग गाळणी मागितली. शेवटी त्यांना आपण कशाला आलोय ते आठवलं. "थांबा, खाली जाऊन बघतो. माझ्या खुर्चीवर पडतंय का ते. पूर्वी तर मिनिटभरात धार लागायची," असं म्हणत ते गेले.

दार लागलं. आईंनी हातातला ओला टॉवेल उंबऱ्यावर दाबून धरला. नवरा कठड्याला धरून कुजबुजला, "मी टेस्ट घेतलीच नव्हती गं."

"माहितीये."

"रोज ठरवायचो. पण गळलं असतं तर?"

एवढा आडदांड माणूस, आणि आवाज भिंगरीएवढा. मी त्याचा हात धरला. (सासूबाई तिथेच होत्या. पण त्या टॉवेलवर बसल्या होत्या, उठू शकत नव्हत्या.) खालून काही ऐकू येईना. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग स्टूल ओढल्याचा. काका हात लावून बघत असणार. मग बराच वेळ काहीच नाही.

"अरे!" काका ओरडले.

नवऱ्याने डोळे मिटले.

"अरे, कोरडंय! खडखडीत कोरडं! हात फिरवून बघितला!"

नवऱ्याने पाण्यातच उडी मारली, मग भिंगरीने मारली, मग मला ओढलं. आईसुद्धा आनंदाने उठल्या आणि टॉवेलखालचं सगळं पाणी हॉलमध्ये गेलं. गालिचा, सोफ्याचे पाय, चपलांचं कपाट. खालच्या घरात थेंबही न गळलेलं पाणी आमच्या घरात मोकळेपणाने हिंडत होतं.

काकांनी खालूनच फर्मान सोडलं, की टेस्ट नियमाप्रमाणे उद्या याच वेळेपर्यंत चालू द्या. म्हणजे तळं काढायचीही सोय उरली नाही.

संध्याकाळी मीटिंग झाली. गच्चीचं काम एकमताने नवऱ्याला मिळालं. काका सांगायला स्वतः वर आले. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले, कारण मी माहेरी होते.

"फक्त एक सांगतो, रागावू नकोस," काका आवाज खाली आणून म्हणाले. "गच्चीच्या कामावर त्या टेस्टिंगवाल्या बाई नकोत. स्वभावाने चांगल्या आहेत. पण कामात लक्ष नाही रे. नुसत्या पोरीबरोबर खेळत होत्या. तुझ्या भल्यासाठी सांगतो, काढून टाक."

मी कान टवकारले. आता तरी नवरा खरं सांगेल. आज त्याच्या अंगात धीर आला आहे, काम हातात आहे, छाती फुगलेली आहे.

"काढलंच म्हणून समजा, काका," नवरा म्हणाला.

आयुष्यातली पहिली नोकरी सकाळी लागली आणि दिवेलागणीला गेली, तीही नवऱ्याच्या हातून. मी आईंकडे पाहिलं. निदान त्या तरी माझी बाजू घेतील असं वाटलं. त्यांनी मोठ्या मायेने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ दे गं, मनाला लावून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या हातातलं फडकं माझ्या हातात दिलं. "आता मोकळीच आहेस तर हॉल पुसून घे."