डोमाकाकांचा आठ वाजताचा भाग

आई वारली त्या दिवशी रात्री आठ वाजता डोमाकाका आले, तिच्या उशाशी बसले आणि तिला सिरीयल सांगू लागले.

"वैनी, आज सुनेनं सासूच्या कंबरेच्या चाव्या हिसकल्या!"

बहीण रायपूरहून यायची होती, म्हणून अंत्यविधी सकाळपर्यंत थांबवला होता. जमलेल्या बायका रडायच्या थांबल्या. मामांनी काकांचा दंड धरला. "भाग संपू द्या," काका म्हणाले, आणि सासूचा आवाज काढून त्यांनी तो पुरा केला.

डोमाकाका आमच्या मुर्री गावचे केबलवाले. वीज गेली की गल्लीतले टीव्ही बंद पडत; इन्व्हर्टर फक्त काकांकडे. ते एकटे भाग पाहत आणि मग दारोदार जाऊन सांगत. सासू, सून, खलनायक, मधलं संगीतसुद्धा तोंडानं! जाहिरातीच्या जागी पाणी मागत. "भाग चुकला त केबलवाल्याची बेइज्जती," असं त्यांचं म्हणणं.

मग मोबाईल आले. जो तो आपल्या कोपऱ्यात, हवं तेव्हा पाहू लागला. काका खांबांवरून एकेक वायर उतरवत आणि खाली आले की मला गाठत. मी पुस्तकात डोकं घालणारा शाळामास्तर. वाद घालणार नाही याची त्यांना खात्री.

"काऊन गा मास्तर, आठ भाग एका दमात पाहून टाकले म्हणे? सकाळी धान रोवलं अन् संध्याकाळी कापलं का? टीव्ही मरून राहिला तो सिरीयली जास्त झाल्यानं! लगनात पन्नास भाज्या वाढल्या त वरण कायले कोणी खाईल?"

"पण काका, हवं तेव्हा पाहता येतं."

"हवं तेव्हा जेवाले बसशील, त सोबत कोण बसंल?"

शेवटी गल्लीत आईचं एकच कनेक्शन उरलं. तिची नजर अधू झालेली. काका रोज आठला येऊन पडद्यावर काय घडलं ते सांगत, आणि आई नेमक्या जागी "अगं बाई!" म्हणे.

तेराव्यानंतर मी तिचा मोबाईल उघडला. भजनं ऐकता यावीत म्हणून मीच तिला बोलून शोधायला शिकवलं होतं. संध्याकाळचा भाग ॲपवर सकाळीच येतो. आई तो रोज सकाळी ऐकत होती. ॲपमधल्या यादीत एकही चुकला नव्हता.

बाहेर काका शिडी लावून, पक्कड घेऊन आमची वायर उतरवायला चढले होते. सांगावं की नाही, कळेना. सांगितलं.

"मले माहीत आहे ना गा," ते वरूनच म्हणाले. "मी मुद्दाम चुकीचं सांगितलं का वैनी हसत. मंग मी अजून चुकीचं सांगो."

आई वारली त्या दिवसाचा भाग मी तिथेच, शिडी धरून, पाहिला. त्यात चाव्या नव्हत्या.

"काका, उतरा," मी म्हणालो. "वायर राहू द्या."

आमच्या गल्लीत केबलचं एक कनेक्शन आहे. आठ वाजता काका येतात. तो भाग मी सकाळीच ऐकलेला असतो.